कशासाठी थांबलंय?

“सातबारा आणलाय का?” भाऊसाहेबांनी विचारलं. म्हातारीने मान हलवली आणि पिशवीत हात घातला. आधी आधार कार्ड निघालं, मग रेशन कार्ड, मग प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली नातवाची तीन प्रगतिपुस्तकं. सातबारा काही निघेना. “आमच्याकडं कुठला आलाय सातबारा, ताई?” ती भाऊसाहेबांना सोडून माझ्याकडे बघत म्हणाली. “जमीन असती तर लेकरं ऊस तोडायला कशाला गेली असती?”

नोव्हेंबर २०२१. कारखाने सुरू झाले होते. मुलाचे आईबाप सांगलीकडे फडात, मुलगा आजीपाशी ठेवलेला, आणि आता तो निरीक्षणगृहात, म्हणजे पूर्वीच्या रिमांड होमात. एसटी स्टँडवर एका प्रवाशाचा मोबाईल उचलला म्हणून. वय पंधरा. बाल न्याय मंडळाने त्याला दुसऱ्याच दिवशी जामीन दिला होता. पण पंधरा हजारांचा जामीनदार हवा, आणि जामीनदार म्हणजे आमच्याकडे ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस. आजी आली तो मुलाचा आतला अकरावा दिवस होता.

२०१५च्या बाल न्याय कायद्याचं बारावं कलम मला पाठ होतं. मुलाला जामीन देताना जामीनदार घेतलाच पाहिजे असं नाही. अटी घातल्या आणि सात दिवसांत त्या पुऱ्या करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं आणि अटी बदलून द्यायच्या. म्हणजे आजी येण्याच्या दोन दिवस आधीच हे व्हायला हवं होतं. करायचं कुणी? निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना वाटत होतं, मंडळ बोलावेल. मंडळाच्या लिपिकाला, म्हणजे भाऊसाहेबांना वाटत होतं, वकील अर्ज देतील. वकीलसाहेब विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे. मुलगा अजून आतच आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि माझ्या नेमणूकपत्रावर लिहिलेलं होतं, ‘समन्वयक’.

त्याआधी सहा वर्षं मी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात समुपदेशक होते. मग एका संस्थेने मला मराठवाड्यातल्या या जिल्ह्यात पाठवलं. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं अजून नोकरीत आहेत आणि त्यातली बरीचशी आता माझ्या घरोब्याची झालीत. काम होतं, जिल्ह्यातली बाल न्याय व्यवस्था ‘सुधारण्यासाठी’ सगळ्या यंत्रणांमध्ये समन्वय साधायचा. सरकारी मराठीत समन्वय म्हणजे बैठक, चहा, बिस्किटं आणि इतिवृत्त. पहिले दोन महिने मीही तेच केलं. इतिवृत्तं छान लिहायची मी. ‘सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी असे ठरले’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलंय ते आता आठवून लाज वाटते.

आजीचा नातू त्या दुपारी सुटला, वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय. पीठासीन दंडाधिकाऱ्यांना मी जाऊन फक्त तारखा सांगितल्या. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “अजून किती आहेत असे?”

मला सांगता येईना. भाऊसाहेबांनाही नाही.

खरं काम तिथून सुरू झालं.

मंडळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, कारण लोकांच्या डोक्यात अजून ‘रिमांड होम’च असतं. आमच्या लहानपणी आयाही मस्ती केली की ‘रिमांड होमात टाकीन’ म्हणायच्या. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की तो या मंडळापुढे येतो. मंडळावर एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी बाई. कायद्याच्या भाषेत मुलगा आरोपी नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. त्याला अटक करत नाहीत, ताब्यात घेतात, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे आणतात. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायला सक्त मनाई. नियमांनुसार मंडळ रोज बसायला हवं. आमचं बुधवारी आणि शनिवारी बसायचं, कारण साहेबांकडे त्यांचं नेहमीचं कोर्टही होतं आणि तिथलीही थप्पी कमी नव्हती.

डिसेंबरात मी आणि भाऊसाहेब संध्याकाळी साडेपाचनंतर फायली काढून बसू लागलो. गोदरेजची दोन कपाटं. करोनाच्या दीड वर्षात त्यांची दारं नीट लागेनाशी झाली होती. भाऊसाहेबांच्या रजिस्टरला रकाने होते: अनुक्रमांक, पोलीस ठाणे, कलम, वय, प्रथम हजर केल्याची तारीख, पुढील तारीख. मी दोनशे पानी वही घेतली, तेच रकाने आखले आणि उजवीकडे एक रुंद रकाना सोडला. वर काय लिहायचं ते सुचेना. भाऊसाहेब म्हणाले, “लिहा की, कशासाठी थांबलंय.” तेच लिहिलं.

तो रकाना भरायला सहा आठवडे लागले. प्रत्येक फाईल पहिल्या पानापासून वाचायची आणि एका ओळीत उत्तर द्यायचं. ‘वयाचा पुरावा नाही.’ ‘परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल नाही.’ ‘पोलिसांचा अंतिम अहवाल नाही.’ ‘साक्षीदाराला समन्स बजावलं नाही.’ ‘मुलगा गैरहजर.’ आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘माहीत नाही’. रोजनाम्यावर ‘पुढील तारीख’ एवढाच शेरा, एकाखाली एक, कधी निळ्या शाईत, कधी काळ्या. एक जण असा निघाला, की तो बुधवारी तारखेला आपल्या दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन यायचा. सतराव्या वर्षी शेजारच्या गावातून पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. आता चोविशीतला बाप्या. पोरगी आमच्या टेबलावरची स्टॅम्पपॅड ओढायची.

आणि वही जवळजवळ भरत आली तेव्हा जी गोष्ट आम्हाला दिसली, ती खरं तर कायद्यात सहा वर्षांपासून छापलेली होती. कलम १४. चौकशी चार महिन्यांत संपवायची; फार तर दोन महिने मुदतवाढ. किरकोळ गुन्हा असेल, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षेचा, आणि वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरण तिथेच संपलं. साधी चोरी, तेव्हाची भादंवि ३७९, तीन वर्षांची. जुगार, किरकोळ मारामारी, सगळं त्यातच. म्हणजे कायद्याने केव्हाच मेलेली प्रकरणं आम्ही दर महिन्याला तारीख देऊन जिवंत ठेवत होतो. सप्टेंबर २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या मंडळांपुढची, वर्षाहून जास्त रखडलेली अशी सगळी प्रकरणं बंद करायला सांगितली होती. ती बातमी मी कापून वहीत चिकटवली आणि वही साहेबांपुढे ठेवली.

साहेब सावध माणूस. त्यांनी वही घरी नेली. पुढच्या बुधवारी आले ते एकेक फाईल मागवतच. आदेश लहान होता, पाच ओळींचा. संध्याकाळपर्यंत भाऊसाहेबांचा अंगठा शिक्क्याच्या शाईने जांभळा झाला. मोटरवाल्याला मी सांगितलं, “आता यायचं नाही.” त्याला खरं वाटेना. “मग पुढची तारीख कधी?” त्याने दोनदा विचारलं.

हे वाचायला बरं वाटतं. पण त्या आठवड्यात मला पोलीस अधीक्षक कार्यालयातून फोन आला आणि बोलणारे साहेब बरेच तापलेले होते. फिर्यादींना काय सांगायचं आम्ही? मोबाईल गेला त्याचा, मोटर गेली त्याची, आणि मंडळ म्हणतं प्रकरण संपलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ज्याची मोटर गेली त्याचं पीक वाळलं असेल. त्याला सात वर्षांत मंडळातून कुणी एक ओळही कळवलेली नव्हती, आणि आम्हीही बंद करताना कळवली नाही. ही चूक माझी. पुढच्या वेळेपासून मुद्देमाल परत देण्याचा आदेश त्याच दिवशी काढायचा, असं ठरवलं. बहुतेक लोकांना आपली वस्तूच हवी असते.

पोलिसांशी खरी गाठ पडली ती फेब्रुवारीतल्या बैठकीत. कायद्याने प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा, सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा नको. नावं सगळ्या ठाण्यांनी कळवली होती. बैठकीला आले निम्मे. बाकीचे बंदोबस्ताला. आमच्याकडे बंदोबस्त हे बाराही महिने पिकणारं पीक आहे: जयंती, मोर्चा, उरूस, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. आलेल्यांपैकी दोघांना आपण बाल कल्याण अधिकारी आहोत हे त्या दिवशी कळलं.

मी नियम वाचून दाखवला. सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेचा अतिगंभीर गुन्हा नसेल आणि मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीला नोंद, सोबत नमुना एकमधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, आणि मंडळाकडे. बेडी नाही, गणवेश नाही, जबाबावर मुलाची सही नाही. मागून एक उपनिरीक्षक उठले. पंचविसेक वर्षं नोकरी झालेली, आवाज शांत. “मॅडम, डायरीला नोंद घेऊन पाठवला तर गावात काय म्हणतात माहितीये का? पैसे खाऊन सोडला म्हणतात. एफआयआरची प्रत हातात दिली की फिर्यादी गप घरी जातो.”

खोलीतले सगळे हसले, मीही हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्यांच्याच एका सहकारी बाईंनी काढलं. त्यांनी डायरीच्या नोंदीची सही-शिक्क्याची पोच फिर्यादीला द्यायला सुरुवात केली, वर नोंद क्रमांक आणि मंडळाची तारीख. कागद तो कागद. दोन महिन्यांत ती पोच चार ठाण्यांनी उचलली. मी इतिवृत्तात ती ‘नवोपक्रम’ म्हणून लिहिली तर बाई म्हणाल्या, “खोडा ते. वर गेलं की कुणीतरी विचारेल, परवानगी कुणाची घेतली.” खोडलं.

मंडळाच्या सदस्यांचे फोन नंबर ठाण्याठाण्यात भिंतीवर लागले, हीही अशीच गोष्ट. मंडळ बसलेलं नसेल तर मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं, हे सातव्या कलमात स्पष्ट आहे. तरी गुरुवारी पकडलेलं पोर शनिवारपर्यंत कुठे ठेवायचं म्हणून त्याची ‘नोंद’च शुक्रवारी रात्री व्हायची. मधले दिवस कागदावर नसायचेच. नंबर लागल्यावर आमच्या सदस्यताईंच्या घरी रात्री साडेनऊला पोलिसांची गाडी उभी राहू लागली आणि गल्लीत भलतीच चर्चा सुरू झाली, तो भाग वेगळा.

वयाचा पुरावा हा वहीतला सगळ्यात लांब रकाना. कायद्याचा क्रम पक्का आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. प्रत्यक्षात उलटं चालायचं. शाळेत जायला कुणी मोकळं नसे, म्हणून सरळ जिल्हा रुग्णालयात क्ष-किरण. तिथून ‘अंदाजे सतरा ते एकोणीस’ असं उत्तर यायचं, आणि त्यावर पुढे वर्षभर वाद. मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला, की बाल न्याय मंडळाकडून प्रवेश-निर्गम उताऱ्याची मागणी आली तर त्याच दिवशी द्यावा, आणि मागणीत मुलाचं नाव कशासाठी हवंय ते विचारू नये. दुसरा भाग त्यांना सुचला होता, मला नाही. मुलाची ओळख बाहेर जाऊ देऊ नये हे ७४वं कलम मी बैठकांत वाचून दाखवत होते आणि स्वतः मात्र ‘चोरीच्या प्रकरणात’ असं लिहून शाळांना पत्रं धाडत होते.

परिविक्षा अधिकाऱ्यांविषयी लिहिताना हात आखडतो. जिल्ह्याला दोघं, एक कायम, एक कंत्राटी, आणि कंत्राटी माणसाचा पगार चार-चार महिने थकलेला. मुलाच्या घरी जाऊन, आईबापांशी, शिक्षकांशी बोलून दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मंडळाने मुलाचं काय करायचं ते त्यावर ठरायचं. मी वही भरताना वाचलेले अहवाल जवळजवळ सारखे होते. ‘बालक वाईट संगतीमुळे बिघडलेला असून पालकांचे लक्ष नाही.’ एकात तर आधीच्या मुलाचं गाव तसंच राहिलं होतं. मी चिडून बोलले. कंत्राटी अधिकाऱ्याने शांतपणे प्रवासभत्त्याची फाईल काढली. शेवटचं बिल मंजूर झालं होतं त्याला चौदा महिने झाले होते. तो गावाला जात नव्हता, कारण एसटीचे पैसे तो आधीच खिशातून घालत होता आणि आता खिसा संपला होता. त्यानंतर मी अहवालांवर बोलणं थांबवलं आणि बिलांच्या मागे लागले. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तिथून आयुक्तालय, तिथून परत. बिलं निघायला पावसाळा आला. पण निघाली, आणि पुढचा अहवाल त्याने स्वतः गावी जाऊन लिहिला: मुलाला एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून तो वर्गात मागे बसतो आणि शिक्षक त्याला उद्धट समजतात. तीन पानं. साहेबांनी ती दोनदा वाचली.

ऊसतोडीच्या घरांचा प्रश्न मात्र आमच्या बाहेरचा होता. आईबाप दिवाळीच्या सुमारास जातात ते मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस कोयता थांबला की खाडा लागतो. बापाने मुलाच्या तारखेसाठी सांगलीहून यायचं म्हणजे दोन दिवसांचा खाडा आणि प्रवास. तो येत नाही. रोजनाम्यावर शेरा पडतो, ‘पालक गैरहजर’. पुढच्या कुठल्या तरी अहवालात त्याचंच होतं ‘पालकांचे लक्ष नाही’. २०१८च्या संपूर्णा बेहुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय मंडळांच्या कामात तंत्रज्ञान वापरा असं सांगितलेलं आहे, त्याचा आधार घेऊन साहेबांनी फोनवरून पालकांना हजर धरायला सुरुवात केली. पहिला व्हिडिओ कॉल मला अजून दिसतो. फोन कुणाच्या तरी हातात हलत होता, मागे उसाचं पाचट, बापाने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि फडातच, कॅमेऱ्यासमोर, उभ्याने हात जोडले. साहेब म्हणाले, “बसा हो, बसा.” तो बसायला जागा शोधू लागला आणि चित्रातूनच गेला.

चौथऱ्याची गोष्टही सांगून टाकते. मंडळाची खोली कोर्टासारखी दिसता कामा नये, उंच आसन नको, साक्षीदाराचा पिंजरा नको, असं नियमात आहे. आमचं मंडळ निरीक्षणगृहाच्याच आवारात होतं, पण कोणे एके काळी कुणीतरी हौसेने लाकडी चौथरा करून घेतलेला, त्यावर टेबल. समोर उभं राहिलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांपुढे टेबलाची फळी यायची. चौथरा काढायला बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक हवं होतं. आठ महिने गेले. शेवटी शेजारच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं, त्यांना स्टेज हवं होतं. भाऊसाहेबांनी चौथरा ‘तात्पुरता’ दिला. तो परत आला नाही आणि कुणी मागितला नाही. प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले होते तेव्हा डोंगरीचं निरीक्षणगृह पाहिलं, त्याच्या भिंती आठवल्या. टिळक आणि आगरकर १८८२मध्ये एकशे एक दिवस होते तोच डोंगरीचा तुरुंग. पुढे मुलांसाठी जागा हवी झाली तेव्हा हीच हाताशी होती.

सगळं चढत्या भाजणीने झालं असं नाही. एका मुलावर मी फार भिस्त ठेवली होती. सोळा वर्षांचा, हात कुशल. विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवतात तिथे, न पाठवता त्याला परिविक्षेवर, देखरेखीखाली, सोडावं म्हणून मी मंडळापुढे बोलले, एका गॅरेजवाल्याला तयार केलं. चार महिन्यांनी तो तीन मोटारसायकलींसह सापडला. त्या महिन्याच्या बैठकीत एक हवालदार म्हणाले, “मॅडम, तुमचा हिरो परत आला.” मान खाली घालून ऐकून घेतलं. मग फाईल वाचली. गाड्या मोठ्यांनी विकल्या होत्या, कुलूप तोडायला पोरं. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड, असं ८३वं कलम आहे. “ते लावलंय का?” मी विचारलं. लावलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात ते कधी लागलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्यानंतर दोनदा लागलं. मुलगा मात्र विशेष गृहात गेला. त्याच्याविषयी बोलताना मी अजूनही अडखळते.

पळून गेलेल्या जोड्यांच्या प्रकरणांत तर आम्ही हातच टेकले. मुलगा सतराचा, मुलगी सोळाची, तिच्या बापाची तक्रार. पोक्सोमुळे अतिगंभीर गुन्हा. सोळा पूर्ण झालेल्या मुलाची प्राथमिक तपासणी तीन महिन्यांत व्हायला हवी, त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का ते ठरवायला. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ एकच, आणि त्यांच्याकडे बाह्यरुग्ण, शिबिरं, अपंगत्वाचे दाखले. गुरुवारची दुपार मिळवायला मला त्यांच्या केबिनबाहेर पाच गुरुवार बसावं लागलं.

२०२३च्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. निरोपाला त्यांनी माझी वही मागितली, चाळली आणि परत दिली. नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून. त्यांना वहीचं काही कौतुक नव्हतं. रजिस्टर आहे ना, म्हणाले. मग १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला आलिशान गाडीने दोघा तरुण अभियंत्यांना उडवलं, आणि चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला मिळालेल्या जामिनात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती हे साऱ्या देशाला कळलं. लोकांचा संताप मला समजत होता, माझाही होता. पण पुढच्या बुधवारी आमच्याकडे जी पोरं उभी होती त्यांच्यातल्या कुणाच्या बापाकडे सायकलच्या वर काही नव्हतं. जामिनाचे अर्ज ‘पुढील तारीख’ होऊ लागले. एका सदस्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आता जरा दिवस बघून चला.” पुन्हा सातबारा मागितला जाऊ लागला.

जूनमधल्या एका शनिवारी मी खोलीत मागे बसले होते. नवे साहेब पुढची फाईल घेत होते. भाऊसाहेब टेबलापाशी गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सर, ते पारध्याचं पोर. जामिनाला आज सात दिवस झाले. अट बदलायला ठेवलंय.” साहेबांनी वर पाहिलं. भाऊसाहेबांनी कलम उघडून ठेवलेलंच होतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. वही माझ्या पिशवीत होती; त्यांच्या रजिस्टरला त्यांनी पट्टीने एक रकाना वाढवला होता, ते मला त्या दिवशी दिसलं.

शेवटचं काम कागद फाडण्याचं. एक तरुण आला होता, एमआयडीसीत सुरक्षारक्षकाची नोकरी लागत होती, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र हवं होतं. ठाण्यातल्या जुन्या नोंदीत त्याचं नाव निघालं, चौदाव्या वर्षीचं. लहानपणीच्या प्रकरणामुळे माणूस अपात्र ठरत नाही हे २४वं कलम सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये नोकरीच्या बाबतीत तेच सांगितलं. अपिलाची मुदत किंवा सात वर्षं उलटली की नोंदी नष्ट करायच्या असतात. आमच्या कपाटात त्याहून कितीतरी जुन्या होत्या. त्याला प्रमाणपत्र मिळालं, तीन आठवडे खेटे घालून. मग साहेबांनी जुन्या फायलींच्या नाशाचा आदेश काढला.

रद्दीत द्यायच्या नाहीत, नावं आहेत. कागद कापायचं यंत्र मंडळाकडे नाही, जाळायला आवारात परवानगी नाही. म्हणून मी, भाऊसाहेब आणि शिपाईमामा तीन संध्याकाळी जमिनीवर बसून हाताने कागद फाडत होतो आणि पाण्याच्या बादलीत बुडवत होतो. शाई विरघळून पाणी निळसर व्हायचं. दुसऱ्या संध्याकाळी एका फाईलमधून शाळा सोडल्याचा मूळ दाखला निघाला, वयाचा पुरावा म्हणून जमा केलेला आणि कधीच परत न दिलेला. मग आणखी एक. त्या मुलांनी पुढे कुठल्या शाळेत प्रवेश घेतला असेल, दाखल्याशिवाय? आम्ही तिघंही तेव्हा काही बोललो नाही. दाखले वेगळे ठेवू लागलो. तिसऱ्या दिवशी तेवीस झाले.

“पोस्टाने पाठवू या का?” मी विचारलं.

“पाकिटावर मंडळाचा शिक्का येतो,” भाऊसाहेब म्हणाले. “अख्ख्या गावाला कळेल.” त्यांनी दाखले तालुक्याप्रमाणे लावले, वरचे सात बाजूला काढले आणि पिशवीत घातले. ती गावं त्यांच्या गावाच्या रस्त्यावर होती, आणि शनिवारी ते तसेही गावी जातात.